वळवात पडलेला फणसाचा बुंधा घरीच कापायचा तर: ओंडका हलवू नका, फळ्या हलवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला परड्यातला जुना फणस वळवाच्या वाऱ्यात मुळासकट आडवा झालाय. छातीच्या उंचीला घेर ८० इंच, फांद्या फुटायच्या आधी सरळ बुंधा साधारण १० फूट. सॉ मिलवाला म्हणतो खिळे असतील, माझं पातं जाईल, मी घेत नाही. मोबाईलवर अमेरिकेतल्या ओकच्या ओंडक्यांचे व्हिडिओ बघितले, तसं चेनसॉनं घरीच फळ्या पाडून दोन दारांच्या चौकटी नि एक जेवणाचं टेबल करायचं मनात आहे. जमेल काय, नि पावसाच्या आधी होईल काय?

जमतंय. पण व्हिडिओत कापायचं दाखवतात, ते सगळ्या कामातलं लहान काम. खरं काम दोन, कापायच्या आधी वजनाचं आणि कापल्यावर वाळवायचं, नि ज्यांचं लाकूड वाया गेलेलं मी बघितलंय त्यांचं ह्या दोन ठिकाणीच गेलंय.

आधी वजन बघूया. ८० इंच घेर म्हणजे व्यास साडेपंचवीस इंच, लांबी १० फूट, हे झालं ३५ घनफूट, एक घनमीटर. मिलमध्ये घेराचा चौथा हिस्सा घेऊन तोच त्यानं गुणतात (२० गुणिले २० गुणिले १०, भागिले १४४) त्यात हेच २८ घनफुटाच्या आत दिसतंय, ते विकायचं माप, वजनाला ते धरू नका. ओलं लाकूड उचलायच्या हिशेबाला पाण्याइतकंच जड धरायचं. म्हणजे तुमच्या परड्यात एक टन पडलाय. चार पोरं दोर लावून ओढतील म्हणाल तर हलायचा नाही, आणि उतारावर एकदा हलला तर थांबायचा नाही. तोच बुंधा जागेवर फाडला तर दीड इंच जाडीची, एक फूट रुंद, १० फुटी ओली फळी साधारण ३५ किलो भरती, दोन माणसं सहज नेतात. टेबलाचा दोन इंच जाडीचा रुंद पाट असला तरी ऐंशी-नव्वद किलो, चार माणसं झाली. म्हणून माझं सांगणं पहिल्यापासून एकच, ओंडका मिलकडे न्यायचा नाही, मिल ओंडक्याकडे आणायची. जेसीबी बोलावून बुंधा अंगणात आणायचा, मग ट्रॅक्टरवर चढवायचा, मग परत उतरवायचा, ह्यात पैसे जातात ते जातात, माणसाचे पाय अडकतात ते वेगळं.

कापायला हात लावायच्या आधी रेंज फॉरेस्ट ऑफिसला जाऊन या. कर्नाटकात झाडांचा १९७६ चा कायदा आहे, मालकीच्या जागेतलं झाड असलं तरी बऱ्याच जातींना परवानगी लागती, नि काही जाती सोडलेल्या आहेत. वाऱ्यानं पडलंय म्हणून आपल्याला काय त्याचं असं म्हणू नका, पडलेल्या झाडाचे मुळासकट फोटो काढा, आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) घ्या, अर्ज द्या आणि पोच घ्या. फळ्या घरात वापरणार आणि रस्त्यावर नेणार ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नेणार असाल तर वाहतुकीच्या पासचं विचारा. आपल्या भागात ही अडचण खरी, कारण सुतार चंदगडात नाहीतर चोर्ला उतरून गोव्यात, आणि राज्याची हद्द ओलांडताना कागद नसला तर लाकूड स्वतःच्या परड्यातलं आहे हे नाक्यावर कुणाला सांगून पटवणार? साग, शिसम, चंदन असेल तर ह्या भानगडीत स्वतः पडूच नका, खात्याला विचारल्याशिवाय फांदीसुद्धा हलवू नका. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची लाकडं पैसे घेऊन कापायला लागलात तर ती सॉ मिल झाली असं धरतील, त्याला लायसन लागतंय, १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर त्या बाबतीत कुणीच ढिलं सोडत नाही.

तार तुटून झाडाखाली असेल तर हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) माणूस येऊन लाईन बंद आहे असं सांगेपर्यंत झाडाजवळ कुणी जायचं नाही.

आता मुळासकट पडलेल्या झाडाचा धोका नीट समजून घ्या, ह्यावर मी जरा जास्तच बोलणार. मुळांचं नि मातीचं जे चाक उभं राहिलंय ना, ते बुंध्याच्या वजनानं तसं राहिलंय. बुंधा मुळापासून तोडला की ते चाक परत खड्ड्यात जाऊन बसतंय, एका झटक्यात. त्या खड्ड्यात पोरं खेळायला उतरतात, कुत्री बसतात, कोंबड्या असतात. कट मारायच्या आधी खड्डा रिकामा आहे हे स्वतः डोळ्यानं बघायचं, दुसऱ्याच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, नि चाक दोरानं बुंध्याच्या अंगाच्या उभ्या झाडाला बांधून ठेवायचं. बुंधा दोन ठिकाणी टेकून मध्ये अधांतरी असेल तर वरची बाजू दाबात असती नि खालची ताणात. आधी दाबाच्या बाजूनं थोडं कापायचं, मग ताणाच्या बाजूनं येऊन तोडायचं, उलटं केलं तर बार (ज्यावर चेन फिरती ती लांब पट्टी) अडकतोय नाहीतर लाकूड उभं फाटतंय. फांद्या तोडताना ज्या फांद्यांवर झाड टेकलंय त्या सगळ्यात शेवटी. उताराच्या खालच्या अंगाला कुणीच उभं राहायचं नाही. एकट्यानं चेनसॉ चालवायची नाही, हेल्मेट, कानाला मफ, डोळ्याला चष्मा, पायात जाड बूट, नि लुंगी नेसून तर बिलकुल नाही.

फांद्या जाड दिसल्या म्हणून त्यांच्या फळ्या काढायला जाऊ नका. आडव्या वाढलेल्या फांदीत ताण भरलेला असतोय, कापली की फळी जागेवरच वाकती. फांद्यांचे खुंट, पाट, पोळपाट, जळण करा.

बुंधा तोडला की त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासात, दोन्ही तोंडांना रंग लावायचा. घरात उरलेला ऑइलपेंट चालतोय, दोन हात जाड. लाकडातलं पाणी उभ्या धाग्यातून बाहेर पडतंय ते बाजूंपेक्षा दहा-पंधरा पट जोरात, म्हणून तोंडं आधी सुकतात, आकसतात आणि फाटतात, ती चीर फूटभर आत जाती. मे महिन्याच्या उन्हात हे दोन दिवसात होतंय. रंगाचा डबा आणून ठेवल्याशिवाय चेनसॉ चालू करू नका.

मग बुंधा जमिनीवरून उचलायचा, म्हणजे नुसता सहा-आठ इंच. दोन पहारी, पाचरी, नि फांद्यांचेच दोन जाड आडवे तुकडे. एक टोक पहारीनं उचल, खाली तुकडा सरकव, दोन्ही बाजूंनी पाचर मार, मग दुसरं टोक. उचललेल्या ओंडक्याखाली हात घालायचा नाही, तुकडा दुसऱ्या काठीनं ढकलायचा. फिरवून चांगली बाजू वर घ्यायची असेल तर दोर ओंडक्याखालून घेऊन वरून परत आपल्याकडे आणायचा, एक टोक खुंटाला बांधायचं, दुसरं ओढायचं, ओंडका दोरातच लोळत येतोय नि निम्म्या जोरात काम होतंय. चेन पुली मिळाली तर अजून बरं. कापायच्या दिशेनं ओंडक्याला किंचित उतार ठेवा, मशीन स्वतःच्या वजनानं पुढं सरकती, कमरेवर येत नाही.

खिळ्यांचं सॉ मिलवाला बोलला ते चुकीचं बोलला नाही. परड्यातल्या झाडाला कपडे वाळत घालायची तार, झोक्याचा हुक, म्हशीची साखळी, कुंपणाची काटेरी तार, दिव्याचा खिळा, सगळं माणसाच्या उंचीच्या आत मारलेलं असतंय आणि झाड ते गिळून टाकतंय, वरून खूणसुद्धा राहत नाही. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा कुठे काय बांधत होतो, त्याचा मेटल डिटेक्टरपेक्षा जास्त उपयोग होतोय. हातातला डिटेक्टर फार तर दोन-तीन इंच आत बघतोय, म्हणून एकदाच फिरवून भागत नाही, प्रत्येक फळी काढल्यावर उघड्या पडलेल्या तोंडावर परत फिरवायचा. कापलेल्या तोंडावर काळपट डाग दिसला तर जवळपास लोखंड आहे असं समजा. पण मिलचं पातं आणि चेनसॉची चेन ह्यात फरक आहे, चेन खिळ्याला लागली तर चार दात जातात, कानस घेऊन बसायचं नाहीतर चेन बदलायची. म्हणून असला बुंधा घरी कापणं परवडतंय.

मशीनबद्दल. बाजारात ५८ सीसीची २२ इंच बारवाली स्वस्त चेनसॉ मिळती, ती जळणाला ठीक, ह्या कामाला नाही. ओंडक्यावर सरकणारी जी फ्रेम बारला लावतात, ती बारचे पाचेक इंच खाती. म्हणजे २२ इंची बारनं सतरा-अठरा इंच रुंदच कट होतोय नि तुमचा बुंधा साल धरून साडेपंचवीस. तुम्हाला ३६ इंची बार पाहिजे आणि त्याला ९० सीसीच्या आसपासचं इंजिन पाहिजे, ७० च्या खाली तर जाऊच नका, दहा फूट सलग पूर्ण जोरात चालवायचं असतंय, लहान इंजिन तापून बसतंय. एका बुंध्यासाठी ती विकत घेऊ नका, भाड्यानं आणा किंवा फ्रेमसकट येणारा माणूस बोलवा. चेन मात्र उभी फाडायची वेगळी लागती, साध्या चेनचे दात ३० अंशात घासलेले असतात, हिचे १० अंशाच्या आसपास. साध्या चेननं होत नाही असं नाही, पण फळी खरबरीत येती आणि वेळ दुप्पट जातोय. दर एक-दोन कटांनंतर कानस मारायचीच. कणीदार भुसा येतोय तोवर धार आहे, बारीक पीठ आणि धूर यायला लागला की थांबा.

फणसाचा चीक इथे त्रास देतोय. चेनवर, बारच्या खाचेत, फ्रेमच्या दांड्यांवर साचून काळा डिंक होतोय. चेनचं ऑइल नेहमीपेक्षा जास्त सोडा, दुपारी थांबाल तेव्हा रॉकेल नाहीतर डिझेलच्या फडक्यानं पुसा, नि संध्याकाळी चेन काढून डिझेलमध्ये बुडवून ठेवा. हाताला खोबरेल लावून कामाला लागायचं ते घरच्या बायकांना सांगायला नको, फणस फोडताना त्या करतातच.

ओकच्या व्हिडिओत पाचरी मारून ओंडका दोन भाग करतात, ते बघून तसं करायला जाऊ नका. ओकचा धागा सरळ, पाचर गेली की उभा चिरत जातोय. फणसाचा धागा एकमेकांत गुंतलेला, पाचर मारली की कुठेतरी आडवा फुटणार आणि तुमचा टेबलाचा पाट जाणार. फणस कापायचाच.

पहिला कट सगळ्यात महत्त्वाचा कारण पुढच्या सगळ्या फळ्या त्याच्यावर टेकून निघतात. ओंडक्याच्या पाठीवर ॲल्युमिनियमची सरळ शिडी किंवा दोन सरळ पट्ट्या दोन्ही टोकांना पाणसळ लावून स्क्रूनं बसवायच्या, फ्रेम त्यावरून सरकवायची. पूर्वी आपल्याकडे दोन माणसांचा आरा चालायचा, एक वर एक खाली, तेव्हा लाल कावेत भिजवलेलं सूत ताणून रेघ मारत, ती पद्धत आजही बाजूच्या रेघेला चालती, मी अजून तीच वापरतो. स्क्रू लाकडात किती खोल गेलेत ते मोजून ठेवा, पहिल्या कटाच्या मधे येता कामा नयेत.

आता काय काढायचं. चेनसॉचा एक कट ९ मिलिमीटर लाकूड खातोय, मिलच्या पट्टी करवतीचा दोन-तीनच. नऊ-दहा कट म्हणजे तीन-साडेतीन इंच भुशात जाणार, ते आधीच धरा, मग मन खट्टू होत नाही. मी असा कापेन: वरची सालाची पाठ तीन इंच बाजूला, मग दीड इंची दोन फळ्या, मग दोन इंची दोन पाट टेबलासाठी, मग मधला पाच इंचाचा जाड ठोकळा तसाच, त्याखाली दीड इंची तीन, उरली ती खालची पाठ. मधला ठोकळा आडवा पाडायचा आणि त्याच्या उभ्या साडेतीन इंची पट्ट्या काढायच्या, दोन्ही बाजूला दोन-दोन, आणि अगदी मध्यबिंदू असलेली दोनेक इंचाची पट्टी टाकून द्यायची. मध्यबिंदू ज्या लाकडात राहिला ते लाकूड फाटतंच, कितीही रंग लावा. लाकूड वर्तुळाच्या दिशेनं आकसतंय ते मध्यबिंदूच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट, म्हणून बाजूच्या फळ्या वाळताना पन्हाळीसारख्या वाकतात आणि मधल्या ठोकळ्यातल्या सरळ राहतात. दाराच्या चौकटीला हेच लाकूड पाहिजे. चार उभे ह्यात निघतात, दोन्ही गणेशपट्ट्या (चौकटीच्या वरच्या आडव्या पट्ट्या) लागलं तर दुसऱ्या तुकड्यातून जोडीला घ्या. बाहेरचं पांढरं लाकूड चौकटीत येऊ देऊ नका, पिवळ्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही पण पांढऱ्याला पोखरणारा किडा हमखास लागतोय. पिवळा रंग बघून घाबरू नका, उजेडात तो तांबूस तपकिरी होत जातोय आणि फार देखणा होतोय, दक्षिणेत वीणा नि मृदंग ह्याच लाकडाचे करतात ते उगाच नाही. कट पुढं जाईल तसं मागे लाकडी पाचरी मारत चला, नाहीतर वरची फळी बसून बार धरती.

आता पाऊस. मिरगाच्या आत कापून होतंय, दोन-तीन माणसं असतील तर ह्या बुंध्याला दोन दिवस पुरे. पण वाळणार नाही. हे लाकूड ह्या पावसाळ्यानंतर, खरं तर पुढच्या उन्हाळ्यानंतर वापरायचं. ओकवाली माणसं एक इंच जाडीला एक वर्ष असा हिशेब धरतात, आपल्याकडे दीड इंचीला एक पूर्ण कोरडा हंगाम आणि चौकटीच्या जाड तुकड्यांना त्याहून जास्त धरा. अथणी-चिक्कोडीकडे असता तर लवकर झालं असतं, तिकडची हवा कोरडी. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात जुलै-ऑगस्टला लाकूड सुकत नाहीच, उलट वरून बुरशी धरतंय. त्यासाठी कापल्या कापल्या दोन-तीन दिवसात बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, ह्याचं पाणी सगळ्या बाजूंनी मारायचं, १० लिटर कोमट पाण्यात २०० ग्रॅम बोरिक नि ३०० ग्रॅम टाकणखार, ब्रशनं दोनदा. ओल्या लाकडात ते आत शिरतंय. पावसात भिजलं तर धुऊन जातंय, म्हणून छप्पर आधी तयार पाहिजे.

थप्पी जमिनीपासून फूट-दीड फूट वर, खाली सिमेंटचे ब्लॉक सगळे एका पातळीत. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये एक इंची कोरड्या पट्ट्या, दर दीड फुटाला, आणि सगळ्या पट्ट्या एकाच उभ्या रेषेत, खालपासून वरपर्यंत. पट्टी रेषेबाहेर गेली की फळीला तिथे पोक येतोय, तो परत जात नाही. ओल्या फणसाच्याच पट्ट्या घातल्या तर डाग पडतात. वर पत्रा, पत्र्यावर दगड, थप्पीच्या डोक्यावरही वजन. चारी बाजूंनी वारा खेळला पाहिजे पण ऊन लागता नये, म्हणून प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम येऊन कुजतंय. गोठ्यात ठेवू नका, गुरांच्या श्वासाची नि मुताची ओल तिथे कायम असती. पडवी असेल तर पडवीच उत्तम.

मिरगाच्या आत माणूस किंवा मशीन मिळालंच नाही तर घाईघाईत अर्धवट कापू नका. साल काढा, कारण किडे सालीखालीच घर करतात, तोंडं रंगवा, आडव्या तुकड्यांवर उचलून ठेवा, वर पत्रा टाका, आणि दसऱ्यानंतर कापा. पांढरं लाकूड थोडं जाईल, गाभा राहतोय. पूर्वी लोक असले ओंडके तळ्यात बुडवून ठेवत, पाण्याखाली किडा लागत नाही, पण एक टन पाण्यातून परत बाहेर काढायचं साधन असेल तरच त्या वाटेला जा.

वाळलं की नाही हे मीटर नसला तरी कळतंय. थप्पीतली एक फूटभर लांबीची तुकडा-फळी, दोन्ही तोंडं रंगवलेली, दर पंधरा दिवसांनी किराणावाल्याच्या काट्यावर तोलायची नि पेन्सिलीनं तिच्यावरच वजन लिहायचं. आधी भराभर उतरतंय, मग हळू, आणि डिसेंबरपासून पुढं दोन-तीन वेळा तेच वजन आलं की हवेत जेवढं वाळायचं तेवढं वाळलं. मीटर मिळाला तर १२ च्या आसपास आलं की सुताराला बोलवा.

सुतार आला की दोन गोष्टी त्याला सांगाच. चौकटीचे तुकडे ओले कापतानाच मापापेक्षा पाव इंच जाड ठेवलेले आहेत, रंधा मारून माप मग येतंय. आणि टेबलाचे दोन पाट जोडून खालच्या आडव्या पट्ट्यांना घट्ट चिकटवू द्यायचं नाही, पावसाळ्यात पाट रुंद होतोय नि उन्हाळ्यात आकसतोय, जागा नाही मिळाली तर मधोमध फुटतोय. पट्टीत स्क्रूची भोकं पाटाच्या रुंदीच्या दिशेनं लांबट पाडायची, मधला एक स्क्रू घट्ट, बाकीचे वॉशर घालून जरा सैल.